हूं की चूं न करता

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिचं पातळ फाडलं. गुरुवारची दुपार होती. सुमनचं जुनं सुती पातळ, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं, त्याचे लंगोट करायचे होते. वैशूचे, म्हणजे आमच्या मुलीचे, दिवस भरत आले होते. बाळ हातात येईपर्यंत नवं काही आणायचं नाही असा सुमनचा नियम. जुनं फाडायला कुणाची हरकत नसते. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती काठाशी कात्रीने चीर द्यायची आणि म्हणायची, "ओढा."

मी ओढायचो.

"अहो, जोरात ओढा की. भीत भीत ओढलं तर वाकडं फाटतं."

मग मी जोरात ओढलं. खोलीभर बारीक धागे उडाले, तिला शिंका आल्या. मध्येच ती दमून भिंतीला टेकली. तेव्हा मला तिला एक गोष्ट विचारायची होती. पाच दिवस जिभेवर होती. तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा टाक." तिने टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

थंडी मला कधी कॅलेंडरवरून कळली नाही. मंडईत माझा कांद्या-बटाट्याचा गाळा होता, चाळीस वर्षं. आम्हाला महिने भाजीवरून कळतात. मटार उतरला, गाजराने रंग धरला, साल नखाने निघेल असा नवा बटाटा आला, की थंडी. पहाटे पोती उतरवताना हमालांच्या तोंडातून वाफ निघायची आणि बटाट्याला चिकटलेली माती बर्फासारखी गार लागायची. हाताला तो गारवा अजून आठवतो. छत्तीस वर्षांपूर्वी अशाच दिवसांत वैशू झाली. आता गाळा नाही, मंडईजवळची खोलीही नाही. कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. खाली सकाळी म्हातारे कानटोप्या घालून गोल गोल फिरतात आणि वॉचमन पाला जाळतो. तो धूर वर आला की सुमन खिडकी लावून घ्यायची. आता खिडकी उघडीच राहते. परवा सवयीने दोन किलो मटार आणला. सोलून झाला आणि मग कळलं, कुणासाठी सोलला? वैशू चार घास खाते. मी तेवढेही खात नाही.

लोक म्हणतात, नातवंड येतंय, मन रमेल. म्हणणाऱ्याचं काय जातं!

वैशूच्या जन्माची एक गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो. कुणाचं बारसं असो, डोहाळजेवण असो, माझी गोष्ट ठरलेली. "आमच्या हिला दोन दिवस कळा येत होत्या. मी दवाखान्यात बाहेरच्या बाकावर, बरोबर मंडईतले चौघे जण. आत काय चाललंय पत्ता नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाया आकाशपाताळ एक करत होत्या. आमची? हूं की चूं नाही!" हे म्हणताना मी छाती पुढे काढायचो. सुमन तिथेच कुठेतरी वाढत असायची. ती हसायची. मला वाटायचं, लाजली.

वैशू हीच गोष्ट ऐकत मोठी झाली. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला दिवस राहिले. जावई चाकणला कारखान्यात, पाळीची नोकरी, सुट्टीच्या दिवशी येऊन जातो. म्हणून सातव्या महिन्यातच तिला माहेरी आणली. आल्या आल्या तिने सांगून टाकलं, "मला कळा नकोत. डॉक्टरांना सांगणार आहे, सरळ कापून काढा." डॉक्टर म्हणाल्या, सगळं नीट आहे, घाई कशाला, आधी एक क्लास करून बघ.

बाळंत व्हायचा क्लास! मी ऐकलं तेव्हा हसलो. म्हटलं, "उद्या मरायचाही काढतील. फी भरा आणि सरळ झोपायला शिका."

सुमन म्हणाली, "तुमचं नाव आधी घालते."

क्लास कोथरूडला, एका औषधाच्या दुकानाच्या वर. गुरुवारी सकाळी आणि शनिवारी दुपारी. प्रत्येकीने बरोबर एक माणूस आणायचं. कुणी नवरा आणायची, कुणी आई. वैशूबरोबर सुमन. आणि सुमनला गुडघ्यामुळे जिना चढताना हात लागायचा, म्हणून मी. मी आत जात नसे. दाराबाहेर चपलांच्या शेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, ती माझी. दार अर्धं उघडं असायचं. आत सतरंज्या, बसून हलायचे मोठाले रबरी चेंडू, कंबरेच्या हाडाचा एक प्लॅस्टिकचा सांगाडा आणि त्यातून बाहेर काढायची एक कापडी बाहुली. शिकवणाऱ्या मॅडम चाळिशीच्या, केस कापलेले, बोलायला फटकळ. पहिल्या दिवशी ती बाहुली हाडातून वळवून वळवून काढताना पाहिली आणि मी मान फिरवली. सत्तर वर्षांचा बाप्या. पोर कुठून येतं हे माहीत होतं, कसं येतं ते माहीत नव्हतं.

हळूहळू मला त्या खुर्चीची सवय झाली. पोरी येताना गळ्यात भीती घालून यायच्या. एकीने कुठेतरी काहीतरी बघितलेलं, एकीला नणंदेने टाक्यांचं सांगितलेलं. मॅडम कुणाला भिऊ नको म्हणायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, "दुखणार आहे. खोटं सांगत नाही. पण दुखतं तेव्हा आत काय होत असतं ते बघा." मग ते हाड, ती बाहुली. कळ कशी येते, कशी चढते, कशी उतरते. दोन कळांच्या मध्ये विसावा असतो हे त्यांनी सांगितलं तेव्हा एक पोरगी म्हणाली, "म्हणजे सलग नाही दुखत?" आणि तिच्या आवाजात इतका जीव आला की मला बाहेर बसूनही जाणवला. एवढी साधी गोष्ट. तिला कुणी सांगितलीच नव्हती.

वैशू मात्र बदलेना. श्वास घ्यायची, कंबर हलवायची, सगळं शहाण्या मुलीसारखं. पण श्वास सोडताना तोंडाने 'आ' असा आवाज काढायचा असे, खालचा, जाडसर. मॅडमचं म्हणणं, त्याने अंग सैल पडतं. बाकीच्या हसत खिदळत काढायच्या. वैशूचे ओठ मिटलेले.

मग तो शनिवार आला. मॅडमनी चिठ्ठ्या वाटल्या. मनातली भीती लिहायची, नाव घालायचं नाही. त्या एकेक वाचू लागल्या. बाळाला काही होईल. नवरा वेळेवर पोचणार नाही. पुन्हा पहिल्यासारखी होणार नाही. आणि एक चिठ्ठी: माझ्या तोंडून आवाज निघेल.

दोघी-तिघी हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इथे आया, सासवा बसल्यात. तुम्ही सांगा यांना, तुमच्या वेळी कसं झालं?"

कोथरूडच्याच एक आजी होत्या, त्यांनी लगेच हात वर केला. "आमच्या वेळी असली काही थेरं नव्हती. दुपारी पापड लाटले, दिवेलागणीला मोकळी झाले."

"छान. दुखलं का, आजी?"

"दुखणारच की. सांगायचं काय त्यात?"

सगळ्या हसल्या. आणि मग सुमनचा आवाज आला. माझी सुमन चारचौघांत कधी बोलत नसे. सोसायटीच्या हळदीकुंकवाला नाव घ्यायलाही तिला तीनदा सांगावं लागायचं.

"माझी गोष्ट हे सांगतात," ती म्हणाली. "ती खोटी आहे."

मी खुर्चीत बसलेला.

"मी ओरडत होते. पहिल्या रात्रीपासून. बाहेर यांना वाटलं, ती शेजारची कुणी. सासूबाई म्हणाल्या, गप, बाहेर तो बसलाय, चार माणसं घेऊन बसलाय, त्याची अब्रू घालवशील. तरी मला राहवेना. मग त्यांनी पदराचा बोळा करून माझ्या तोंडात दिला. मला श्वास येईना. मला वाटलं, मी मरते. मेले असते तरी बाहेर कळलं नसतं. मग मुलगी झाली, हे आत आले आणि म्हणाले, शाब्बास, हूं की चूं नाही! इतके खूश होते. म्हटलं, कशाला सांगा."

मॅडमनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

"छत्तीस वर्षं ते ही गोष्ट सांगतात, मी हसते. माझ्या पोरीला वाटलं, हे खरंच आहे. चूक माझी. वैशू, तू ओरड. पाहिजे तेवढं ओरड. मी आत असेन. बघते कोण तुला गप म्हणतं ते."

घरी येताना रिक्षात दोघी शेजारी शेजारी, मी एका कडेला. लक्ष्मीच्या देवळापाशी सिग्नलला रिक्षा थांबली आणि वैशूने एकदम 'आ' केलं. जाडसर, पोटातून. रिक्षावाला दचकून मागे वळला, "ताई, दवाखान्यात घेऊ का?" सुमन इतकी हसली की तिला ठसका लागला. वैशूने परत केलं. मग सुमननेही केलं, दोघींनी मिळून. रिक्षावाला म्हणाला, "काका, तुम्ही सांभाळा बुवा यांना." मी बाहेर बघत होतो.

माझी आई वाईट नव्हती. तिला जे मिळालं तेच तिने पुढे दिलं. पण तिने बोळा दिला तो माझ्या नावाने दिला. मी तिथे बसलो नसतो तर? मंडईत मी बटाट्यासाठी दिवसभर घसा फाडला. दहा रुपयांच्या मालासाठी मला आख्खी मंडई ऐकायची. आणि माझी बायको माणूस जन्माला घालत होती, तिला आवाज काढायची सोय नव्हती, का, तर मी बाहेर शेंगा खात बसलो होतो. शेंगा खात होतो हे खरं आहे. टरफलं बाकाखाली सारत होतो.

त्या संध्याकाळी मला विचारायचं होतं, "सुमन, तू मला का नाही सांगितलंस?" विचारलं, "भाजी कसली?" ती म्हणाली, "वांग्याची." तिनेही वाट बघितली असेल का? मी ऐकलं हे तिला माहीत होतं. ती मोठ्याने बोलली होती, दार उघडं होतं. कदाचित मलाच सांगत होती. रविवार गेला, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. गुरुवारी तर पातळाचं एक टोक माझ्या हातात होतं. आता ही गोष्ट कुणाला विचारू? फोटोला विचारू? फोटोत ती तशीच हसते, बारशात हसायची तशी.

शुक्रवारी सकाळी मी बाहेरच्या खोलीत दाढी करत होतो. ती ओट्यापाशी दूध तापवत होती. दूध करपल्याचा वास आला म्हणून मी ओरडलो, "अगं, लक्ष कुठे आहे?" आत गेलो तर ती खाली बसलेली, पाठ कपाटाला, पदर नीट. डॉक्टर म्हणाले, हृदय. दहा पावलांवर मी होतो. एक हाक नाही. गेलीसुद्धा हूं की चूं न करता. जमलेले लोक म्हणाले, पुण्यवान बाई, कुणाला त्रास दिला नाही. मला त्या माणसांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. द्यायचा होता ना त्रास! मी कशासाठी होतो?

गरोदर बाईने मढं बघू नये म्हणतात. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी वैशूला धरून त्यांच्या घरी नेलं. ती जिन्यातून "आई, आई" करत गेली. मी तिच्यामागे गेलो, तिचे दोन्ही खांदे धरले आणि म्हणालो, "गप. रडू नकोस. पोटात बाळ आहे."

ती गप झाली. लगेच. विजेचं बटण बंद करावं तशी. सुमनला खाली उतरवली ते तिने वरच्या खिडकीतून बघितलं असेल. मी विचारलं नाही.

लग्न झालेल्या मुलीला आईचं सूतक तीन दिवसांचं. कुणी हिशेब घातला कोण जाणे! चौथ्या दिवशी ती उठली, केर काढला, माझ्यासाठी भात लावला. क्लासला गेली नाही. येणारे बसायचे, डोळे पुसायचे, ती त्यांना पाणी द्यायची. माझी बहीण हडपसरहून रोज यायची आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "रडू नको हं, आतल्याला कळतं सगळं." आतल्याला कळत असेल तर हे कळत नसेल का, की आईच्या घशात दगड अडकलाय?

तेराव्याला गोडाचं जेवण झालं. पानं उचलली. दुपार कलली होती, पाच-सहा बायका अजून बसल्या होत्या. वैशू भिंतीला टेकून, हात पोटावर. माझी बहीण तिच्याकडे बघून सगळ्यांना म्हणाली, "आईवर गेलीय हो पोर. केवढी धीराची. तेरा दिवस झाले, हूं की चूं नाही."

शब्द माझे होते. माझेच. मीच त्यांना घरोघर फिरवलं होतं.

मी उठलो. बहिणीला म्हणालो, "तुझी बस चुकेल." ती रागावली, रागावू दे. बायका गेल्या. मी वैशूसमोर खाली बसलो, गुडघे वाजले.

"वैशू, रड."

"कशाला?"

"आई गेली म्हणून."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझी लाज वाटली. म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना गप?"

"चुकलो."

"आता येत नाही, बाबा. मी करून बघितलं. न्हाणीघरात नळ सोडून करून बघितलं. येत नाही." मग पोटावरून हात फिरवत, "डॉक्टरांना फोन केला होता. सांगितलं, मला ऑपरेशनच करा. तारीख देणार आहेत."

ऑपरेशनला माझी ना नव्हती, आजही नाही. जिला लागेल तिने करावं, जिला हवं तिने करावं, त्यात कमीपणा कसला? पण त्या शनिवारी रिक्षात 'आ' करणारी पोर मी पाहिली होती. तिला कळांची भीती राहिली नव्हती. आता जी बोलत होती ती दुसरीच होती. आईने उघडलेलं तोंड मी पुन्हा बंद केलं होतं. माझ्या आईला निदान पदर लागला. मला दोन शब्द पुरले.

"उद्या गुरुवार," मी म्हणालो. "क्लास आहे."

"बरोबर माणूस लागतं."

"मी कोण आहे?"

"बाबा, तिथे आत बसावं लागतं."

"माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, हाताची नखं कापली. वैशू येईल की नाही खात्री नव्हती. ती दाराशी पर्स घेऊन उभी होती. जिना चढलो. खुर्चीवरून पुढे गेलो. मॅडमनी मला बघितलं, वैशूला बघितलं. बातमी त्यांना कळली होती. एवढंच म्हणाल्या, "आजोबा, सतरंजी पसरा."

आत सगळ्या पोरी, त्यांच्या आया-सासवा, दोन तरुण नवरे आणि मी. मांडी घालता येईना, तसाच अवघडून बसलो. पापडवाल्या आजी सरकल्या आणि मला टेकायला स्वतःची उशी दिली. मॅडमनी दाखवलं, कळ आली की बरोबरच्या माणसाने कुठे दाबायचं. कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर, मनगटाने, जोर लावून. वैशू चेंडूवर हात टेकून पुढे वाकली. मी मनगट लावलं. मुलगी पाळण्यातून उठल्यावर पाठीवर थोपटलं असेल तेवढंच, त्यानंतर बापाचा हात कधी तिथे गेला नव्हता. तिची पाठ लाकडासारखी ताठ.

मॅडम म्हणाल्या, "कळ आली. चढतेय. श्वास सोडा, आवाज सोडा."

सगळ्यांचा आवाज निघाला. वैशूचा नाही. परत. नाही. तिसऱ्यांदा मला तिचा श्वास आत कोंडलेला हाताला कळला. मी तिच्या कानाशी वाकलो. काय बोलावं सुचेना. सुमन असती तर तिला सुचलं असतं. मी म्हणालो, "वैशू, मी बाहेर नाही. आत आहे."

आधी पाठ थरथरली. मग आवाज आला. 'आ' नव्हता तो. "आई गं!" आली ती हाक, एवढी मोठी की खालच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन उभा राहिला. मग दुसरी. मग तिसरी. चेंडू सुटला, ती सतरंजीवर दोन्ही हातांवर ओणवी होऊन हाका मारत राहिली, नाक वाहतंय, केस तोंडात. एक पोरगी घाबरून रडायला लागली. पापडवाल्या आजी मला म्हणाल्या, "अहो, सांभाळा तिला, बाळाला काही व्हायचं."

माझ्या ओठांवर तो शब्द आला. सवयीचाच होता. मी दात आवळले आणि मनगटाने दाबत राहिलो.